वासावर टाकलेलं मीठ

माणसाने चांगला चाललेला धंदा सोडला की गावाला दोनच कारणं सुचतात, वेड नाहीतर बाई. मी ठाण्याच्या कोर्टातली वकिली सोडली तेव्हा गावाने माझ्या बाबतीत दोन्ही तपासून पाहिली. बाई सापडली नाही. वेडाची लक्षणंही कोणाला मनासारखी दिसेनात. मग तिसरं कारण निघालं, की याला रावबहादुरकी हवी आहे आणि साहेबाची नजर जावी म्हणून हे सोंग काढलंय. आचारी होऊन आजवर कोण रावबहादूर झाला, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

होय, आचारी. पगडी खुंटीला अडकवली, डगला पेटीत गेला, सनद जिथून आली होती तिथे परत धाडली, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी कल्याणला एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या पडवीत नारळ खवायला बसलो. हल्ली आमच्या ओळखीतले दोघेतिघे ही हकीकत त्यागाचा नमुना म्हणून मुलाबाळांना सांगतात असं कानावर आलं, म्हणून लिहायला घेतलं आहे. मुलांना हवं ते सांगा, पण त्यागाचं नाव काढू नका. ज्याने खरोखर काही गमावलं तो मी नव्हतो.

वकिली माझी जोरात होती हे मात्र खरं. कळव्याच्या खारजमिनीचे बांध, घोडबंदरच्या वाटेवरची मिठागरं, एका फणसाच्या झाडावरून तीन पिढ्या न बोलणारे भाऊबंद, सगळे माझ्या ओटीवर येऊन बसत. माझी खरी ख्याती उलटतपासणीची. ज्या दिवशी मी उलटतपासणीला उभा राहणार, त्या दिवशी दुसरे वकील आपली कामं टाकून मागच्या बाकावर येऊन बसत. मी साक्षीदारावर कधी ओरडलो नाही. आधी त्याला हसतं करायचं, आणि मग सगळ्यांना त्याच्यावर हसवायचं, ही माझी रीत. पक्षकार खरा की खोटा हे मी विचारत नसे. वैद्य रोग्याला पापपुण्य विचारतो का, असं मी नवशिक्या वकिलांना सांगे. वाक्य ऐकायला बरं होतं, म्हणून पुष्कळदा सांगे.

आता तो खटला.

ठाण्यातल्या एका बड्या गृहस्थांची बाळकुमला आमराई होती. त्यांना मी इथे आमराईवालेच म्हणतो. त्यांनी थोरल्या मुलीचं लग्न काढलं आणि स्वयंपाकाला कल्याणचा आचारी बोलावला. त्या काळी कल्याण-ठाण्यात मोठं कार्य निघालं की लोक आधी त्या म्हाताऱ्याला विचारून येत आणि मग मुहूर्त पाहायला बसत, एवढं त्याचं नाव. पुरणपोळीचं जेवण होतं. पानं वाढून झाली, श्लोक झाले, व्याह्यांनी कटाच्या आमटीचा पहिला भुरका मारला आणि ते पानावरून उठले. आमटी कसली, भरतीचं खाडीचं पाणी. व्याही उठले म्हटल्यावर वरपक्षाची झाडून सगळी माणसं उठली. पुढे हातापाया पडणं झालं, समजुती निघाल्या, पण जे व्हायचं ते होऊन गेलं. मुलीला सासरी पहिली दोन वर्षं आमटीवरून टोमणे होते म्हणतात.

आमराईवाल्यांना राग कोणावर तरी काढायचा होता. त्यांनी देवळाच्या ओट्यावर चारचौघांत सांगून टाकलं की हा म्हातारा भांग चढवून चुलीपुढे उभा राहतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हाताऱ्याच्या कानावर गेलं तशी त्याने अब्रूची फिर्याद ठोकली. माणसाजवळ दुसरं काही नसलं की तो अब्रूला फार जपतो. आमराईवाल्यांचा वकील अर्थात मी.

ती उलटतपासणी मला अजून पाठ आहे. तेव्हा तर ती सगळ्या ठाण्यालाच पाठ होती.

"आमटीत मीठ कोणी टाकलं?" मी विचारलं.

"मी."

"किती टाकलंत?"

"लागतं तेवढं."

"लागतं तेवढंच पडलं की नाही, ते चाखून पाहिलंत?"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "नैवेद्याआधी चाखतात होय, वकीलसाहेब?"

"म्हणजे नाही चाखलं."

"नाही."

"मग मीठ बरोबर आहे हे कशावरून कळलं?"

"वासावरून."

मी जरा थांबलो. कुठे थांबायचं हे मला चांगलं कळत असे. मग अगदी हळू, जिव्हाळ्याने विचारलं, "आजोबा, मिठाला वास असतो?"

सगळं कोर्ट हसलं. गोऱ्या साहेबाला शिरस्तेदाराने इंग्रजीत समजावून दिलं, तेव्हा साहेब म्हणाला की या देशात स्वयंपाक कसा झाला हे आचाऱ्यालाच सर्वांत शेवटी कळतं असं दिसतं. त्यावर आधी इंग्रजी जाणणारे हसले, मग शिरस्तेदाराने मराठीत सांगितल्यावर बाकीचे हसले, आणि आपल्याला इंग्रजी येतं हे दाखवायला पहिले पुन्हा हसले. म्हाताराही हसला. हसावं की नाही हे न कळलेला माणूस हसतो तसा. फिर्याद फेटाळली गेली. भांगेचा पुरावा कोणी दिलाच नव्हता, पण तो मागायचं साहेबाच्या लक्षात राहिलं नाही आणि मी कशाला आठवण करून देतो?

दोन महिन्यांनी आमराईवाल्यांनी मला आंबे खायला बाळकुमला नेलं. घमेल्यात आंबे, खाली घोंगडी, आणि गृहस्थ खुशीत. बोलता बोलता म्हणाले, "तुम्हाला एक गंमत सांगू? दुसऱ्यांदा मीठ मीच टाकलं होतं हो."

"कशात?"

"आमटीत. मी सहज आत डोकावलो, झाकण काढलं तर आमटी फिकी दिसली. म्हटलं म्हातारा विसरला. तो तिकडे भातापाशी होता, त्याला कुठं हाक मारत बसू? टाकलं मूठभर."

"आणि हे तुम्ही खटल्याच्या आधी मला सांगितलं नाहीत!"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

ते खरंच होतं. मी विचारलं नव्हतं. माझी रीतच ती. मीसुद्धा हसलो आणि आणखी एक आंबा घेतला. त्या क्षणी माझ्या मनाला काही टोचलं वगैरे असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. आंबा गोड होता.

टोचलं ते आमच्या घरी, पाटावर बसलो असताना, आणि तेही बऱ्याच दिवसांनी. आमची मंडळी सोवळ्यात वाढत होती. मी आमटीभात कालवला, पहिला घास घेतला आणि काय मनात आलं कोण जाणे, विचारलं, "काय गं, स्वयंपाक करताना तू चाखून पाहतेस का?"

"नैवेद्य व्हायच्या आधी?" तिने भुवया चढवल्या. "मी काय एवढी करंटी आहे?"

"मग मीठ बरोबर पडलं हे कसं कळतं?"

"त्यात काय कळायचंय? वासावरून कळतं. आज हे काय नवीन काढलंत? जेवा मुकाट्याने."

मी जेवलो. मीठ बरोबर होतं. काल बरोबर होतं, परवा बरोबर होतं, पंचवीस वर्षं दोन्ही वेळा बरोबर होतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तसं घरोघरी हेच. त्या दिवशी कोर्टात जे जे हसले, ते वकील, तो शिरस्तेदार, ते कारकून, ते सगळे सकाळी बायकोच्या नाहीतर आईच्या हातचं, न चाखता मीठ टाकलेलं, बरोबर मिठाचं वरण पोटभर ओरपून आले होते. आणि मिठाला वास असतो का म्हटल्यावर पोट धरधरून हसले. साहेबाला मी माफ करतो. त्याचा खानसामा चाखत असेल. पण आम्ही? मला लाज वाटली. हे सरळच सांगतो, कारण पुढे माझ्याविषयी बरं सांगण्यासारखं फारसं नाही.

त्यानंतर उलटतपासणीला उभा राहिलो की माणसाला हसवायची जागा जवळ आली म्हणजे मला आमटीचा वास यायला लागला. खटले हरत असतो तर निदान कारण मिळालं असतं, पण मी जिंकतच होतो. वर्षभर हे चालवलं आणि मग सनद परत केली.

ठाण्याने मला निरोपाचा पानसुपारीचा समारंभ केला. एका वक्त्याने माझी तुलना राज्य सोडून अरण्यात गेलेल्या राजाशी केली. अरण्यात मी आगगाडीने गेलो. कल्याण स्टेशनावरून बैलगाडी करून शेणाळे तळ्याच्या बाजूला म्हाताऱ्याचं घर शोधत पोचलो. तो ओटीवर सुरण कापत होता. मला पाहून उठला, हात पुसले, पाट मांडला, पाणी दिलं. राग असेल तर चेहऱ्यावर नव्हता.

"वकीलसाहेब, इकडे कसे?"

"वकिली सोडली मी. स्वयंपाक शिकायला आलोय तुमच्याकडे. वासावर मीठ टाकायला शिकवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, थट्टा नाही अशी खात्री करून घेतली आणि पुन्हा सुरण हातात घेतला. "ते आता मलाच येत नाही," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. ठाण्याचा तो प्रकार झाला त्याच दिवशी, व्याही उठून गेल्यावर, त्याने ती आमटी तळहातावर घेऊन तोंडाला लावली होती. खारट होती. "तीस वर्षं नाकाने दगा दिला नाही, त्या दिवशी दिला. मी कोर्टात गेलो तो भांगेवरून गेलो हो. भांग मी जन्मात घेतली नाही. पण मिठाचं तुम्ही बोललात ते खरंच निघालं. नाक गेलं माझं. तेव्हापासून मिठाला हात लावत नाही." आता तो डोंबिवलीच्या चारदोन घरांत पूजेचा प्रसाद करायला जाई, श्राद्धपक्षाचं करी, आणि मीठ घरातल्या बाईला टाकायला सांगे. जो आचारी मीठ टाकत नाही त्याला लग्नाला कोण बोलावणार?

माझ्या तोंडात एक वाक्य होतं. मीठ तुमचं चुकलं नाही, यजमानाने वरून टाकलं. एवढंच. म्हाताऱ्याचं गेलेलं नाक तिथल्या तिथे परत आलं असतं. मी ते वाक्य बोललो नाही. कारण तयारच होतं, वकिलाजवळ ते नेहमी तयार असतं: पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं फोडायचं नसतं. सनद परत केली तरी धर्म सुटत नाही, वगैरे. खरं कारण निराळं. ते वाक्य बोललो असतो तर त्याने मला त्याच गाडीने स्टेशनवर परत धाडलं असतं, आणि माझं नवं आयुष्य त्या ओटीवरच आटोपलं असतं. गावाला तोंड काय दाखवणार होतो? समारंभ होऊन गेला होता.

"तुमचं नाक धड असेल तर शिकवतो," म्हातारा म्हणाला. "मी सांगेन, टाकायचं तुम्ही."

पहिले चार महिने मी नारळ खवले, चिंच कोळली, पुरण वाटून वाटून खांदे दुखवून घेतले. ज्या बोटांनी फर्डे दावे लिहिले ती बोटं पातेल्याला चिकटून भाजली. म्हातारा कधी रागावला नाही, आणि त्याने कधी शाबासकीही दिली नाही. मला 'वकीलसाहेब' म्हणायचं तेवढं सोडेना. "वकीलसाहेब, राख घ्या आणि ती कढई घासा," असं म्हणे.

मग मिठाची पाळी आली. "मिठाला वास नसतो," एक दिवस चुलीपुढे बसल्यावर तो म्हणाला. "तुम्ही कोर्टात विचारलंत ते बरोबर होतं. पण मीठ पडलं नाही तोवर चिंच पुढं पुढं करते. वाफेत आधी तीच येते. मीठ बेतशीर पडलं की चिंच गप्प बसते आणि डाळीचा वास वर येतो. जास्त झालं की आमटी मुकी होते, कसलाच वास देत नाही. हे कळायला नाक लागतं, जीभ नाही."

हे त्याने साक्षीच्या वेळी का सांगितलं नाही, असं माझ्या मनात आलं. मी विचारलं नव्हतं म्हणून.

मी टाकायचो, तो शेजारी उभा राहून वाफ घ्यायचा आणि पुटपुटायचा, "आणखी चिमूटभर... आता असू दे." नैवेद्य झाल्यावर आम्ही जेवायला बसायचो. तो सांगायचा तिथे मी थांबलो असेन तर मीठ नेहमी बरोबर असायचं. माझ्या अकलेने पुढे गेलो असेन तर बिघडलेलं असायचं. एकदा नाही, शंभरदा. त्याचं नाक तसूभरही गेलं नव्हतं. ते मला रोज दिसत होतं, आणि रोज मी गप्प बसत होतो. "बघा, बरोबर निघालं," मी म्हणे. "योगायोग," तो म्हणे, आणि पान उचली. अशा वेळी मला स्वतःचा खरोखर राग यायचा. पण राग आला म्हणून कोणी खरं बोलतं असं नाही.

वर्षाच्या आत मला बोलावणी सुरू झाली. माझ्या हाताला चव होती म्हणून नव्हे. वकील स्वयंपाक करतो हे ठाण्याला पाहायचं होतं, जसं लोक गारुड्याकडे जातात. मांडवातले लोक मुदपाकाच्या दारात उभे राहून मला झारा हलवताना बघत. जेवणाची तर एवढी स्तुती, की मला आधी ती खरी वाटली. मग एका बारशाला मी आमटीत मीठच टाकायला विसरलो. पानापानावरून आवाज आले, "वा! काय हलकी आमटी!" एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "पोटाला फार चांगली. वैद्यसुद्धा अळणीच सांगतात." तेव्हा उजेड पडला. या पंगतीतल्या निम्म्या लोकांच्या घरची भांडणं मला तोंडपाठ होती. माझ्या आमटीला नावं ठेवायची कोणाची छाती?

आणि वकिली तरी कुठे सुटली? फोडणी द्यावी तर मागून कोणीतरी कागद पुढे करी. एकदा कळव्याचा एक आगरी म्हातारा मांडवाच्या मागल्या बाजूने चुलीपर्यंत आला, लांब उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, मना यवरा कागूद वाचून दावा." मी वाचून दाखवला. पुरण तळाला लागलं. त्या दिवशीच्या पोळ्यांना लोकांनी 'खरपूस' म्हटलं.

माझा गुरू या कार्यांना माझा मदतनीस म्हणून येत असे. त्याचं नाव मी आधी कोर्टात काढून घेतलं होतं, आता त्याची चूलही घेतली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. लोक त्याच्याकडे बोट दाखवून मला हळूच विचारत, "खटल्यातला तो हाच ना? मिठापासून लांब ठेवा हं याला." मी मान हलवत असे. म्हाताऱ्याला ऐकू जात असे की नाही ठाऊक नाही. त्याचे कान चांगले होते.

मग आमराईवाल्यांकडे धाकट्या मुलाची मुंज निघाली. तीनशे पान, पुरणपोळी, आणि तेच व्याही मानाच्या पाटावर. त्यांनी स्वयंपाक मलाच सांगितला, वर अट घातली, "तुमच्या म्हाताऱ्याने मिठाला शिवायचं नाही." मी म्हटलं, तो शिवतच नाही. कल्याणला जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं. त्या घरात पुन्हा पाऊल टाकायची त्याची इच्छा नव्हती. शेवटी म्हणाला, "तीनशे पानं तुमच्या एकट्याने उरकायची नाहीत. येतो."

मुंजीच्या दिवशी मांडवामागे चर खणून चुली पेटवल्या होत्या. म्हातारा भाताच्या हंड्यापाशी, मी आमटीपाशी. आत पानं मांडून झाली होती, व्याही पाटावर येऊन टेकले होते, नैवेद्याची ताटं भरायची तेवढी राहिली होती. आमटीला उकळी फुटली. मीठ अजून टाकायचं होतं. मी वाटीभर मीठ घेतलं आणि वाफेवर नाक धरलं. चिंच येत होती. म्हाताऱ्याने इकडे यावं, सांगावं, म्हणून मी त्याच्याकडे पाहू लागलो. तेवढ्यात आमराईवाले सोवळ्याचा मुकटा सावरत आत आले. विधींनी दमले होते, घाईत होते. त्यांनी पातेल्यात डोकावलं आणि म्हणाले, "फिकी दिसत्येय," आणि माझ्या हातातल्या वाटीत मूठ घालून भरून घेतली.

मी त्यांचं मनगट धरलं.

"सोडा हो, वकीलसाहेब, काय करताय!"

"मागच्या लग्नात टाकलंत तेवढं पुरे झालं," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. कोर्टात बोलायची सवय, आवाज आत पंगतीपर्यंत गेला. "व्याह्यांनी पान सोडलं ते तुमच्या मुठीमुळे. म्हाताऱ्याचं मीठ बरोबर होतं."

पंगतीत कोणीतरी श्लोक म्हणायला सुरुवात केली. आपल्या लोकांना अवघड वेळी श्लोक बरा आठवतो. आमराईवाल्यांच्या मुठीतलं मीठ जमिनीवर पडलं. ते पाहुण्यांकडे बघून हसले, म्हणाले, "चुलीची धग डोक्यात गेलीय यांच्या," आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, आता झालं. सनद परत केल्याचा पहिला खरा उपयोग झाला. अगदी हलकं वाटलं, आणि माझी नजर शाबासकीसाठी म्हाताऱ्याकडे वळली. इतकी वर्षं झाली, तरी त्या नजरेची लाज वाटते.

म्हातारा हंडा सोडून माझ्यासमोर येऊन उभा होता.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"त्यांनीच."

"कधी?"

त्याने वाट पाहिली. कुठे थांबायचं हे त्यालाही कळत होतं.

"निकालानंतर दोन महिन्यांनी," मी म्हणालो.

"म्हणजे माझ्याकडे आलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"रोज ठाऊक होतं."

"हो."

कोणी हसलं नाही. हसायला तिथे कोणी नव्हतंच. त्याने माझ्या हातातली वाटी घेतली. हात धुतले. पातेल्यावर वाकून डोळे मिटले. मग मीठ उचललं, टाकलं, वाफ घेतली, पुन्हा जरासं टाकलं, पुन्हा वाफ घेतली. तिसऱ्यांदा मिठाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. नंतर त्याने झाकण ठेवलं आणि म्हणाला, "उतरवा." मी पातेलं उतरवलं.

"आता तुम्ही पंगतीला जाऊन बसा, वकीलसाहेब," तो म्हणाला. "इथलं मी बघतो."

मी हात पाय धुऊन शेवटच्या ओळीत एका रिकाम्या पाटावर बसलो. शेजाऱ्याने मला पाहून पाट जरा सरकवून घेतला. नैवेद्य झाला. भात आला, वरण आलं, तूप आलं. आमटी घेऊन म्हातारा स्वतः आला. आधी मानाच्या पाटांवर वाढली. व्याह्यांनी भुरका मारला, आणखी मागितली. मग ओळीने वाढत वाढत तो माझ्या पानापाशी पोचला, द्रोण भरला आणि उभा राहिला.

"मीठ कसं आहे?" त्याने विचारलं.

आचारी असं कधी विचारत नाही. मी भुरका घेतला. मीठ कमी होतं. फार नाही, अंमळ कमी. दोन वर्षं त्याच्या हाताखाली काढल्यावर एवढं मला कळत होतं. मी वर पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा घामाने भिजलेला होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "अगदी बरोबर."

"कमी आहे," तो म्हणाला. "चिंच अजून बोलत होती. माझा हात भ्यायला, पण नाकाने सांगितलं होतं." त्याने माझ्या पानाच्या टोकाला वाढलेल्या मिठाकडे बोट दाखवलं. "पानात वाढलेलं आहे. लावून घ्या."

आणि तो पुढच्या पानाकडे गेला. मी पानातलं मीठ आमटीला लावून घेतलं.